झोलिकॉनमधलं टेबल

८ सप्टेंबर १९५९. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाच्या मोठ्या व्याख्यानगृहात तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात. तुम्ही इथले निवासी डॉक्टर. राउंड आटोपून थेट इथं आला आहात, डोक्यात अजून वॉर्डच आहे. सभागृहाचं नुकतंच नूतनीकरण झालंय, सगळं नवं आणि चकचकीत. याच संस्थेचे एकेकाळचे संचालक ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द जगाला दिला. युंगनं उमेदवारी केली तीही इथंच. आता ब्लॉयलरांचे चिरंजीव मानफ्रेड संचालक आहेत.

फळ्यापाशी उभा असलेला बुटका माणूस अठरा दिवसांनी सत्तरीत पोहोचेल. मार्टिन हायडेगर. त्यांना इथं आणलंय मेडार्ड बॉस यांनी, तुमच्याच क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी. तरुणपणी बॉस व्हिएन्नात फ्रॉइडच्या कोचावर झोपून आले होते. १९५६ आणि १९५८ मध्ये भारतात जाऊन तिथल्या साधुपुरुषांशी बोलून आले. त्यावरचं त्यांचं पुस्तक याच वर्षी निघालंय.

हायडेगर खडू उचलतात आणि फळ्यावर काही अर्धवर्तुळं काढतात. त्यांच्या उघड्या बाजूकडे बाण येतात. पूर्ण वर्तुळ एकही नाही. म्हणणं असं की माणूस म्हणजे बंद पेटी नव्हे, जिच्यात ‘मन’ नावाची वस्तू ठेवलीय आणि बाहेरचं जग तिच्यावर येऊन आदळतंय. माणूस मुळातच जगाकडे उघडा असतो. तेव्हा ‘अहं’, ‘सायकी’, ‘विषयी’ ही सगळी भांडीकुंडी आधी बाजूला ठेवा. तुम्ही वहीत अर्धवर्तुळ उतरवून घेता आणि पुढं काय लिहायचं ते न सुचून थांबता.

ते चकचकीत सभागृह हायडेगरना मानवलं नाही. पुढच्या बैठका झुरिक सरोवराकाठी झोलिकॉनला, बॉस यांच्या घरी होऊ लागल्या. वर्षातून काही वेळा ते येतात, बॉसकडेच मुक्काम करतात, एकेका संध्याकाळसाठी दिवसभर तयारी करतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येक वेळी तीन तास. पन्नास ते सत्तर डॉक्टर आणि विद्यार्थी जमतात.

आता १९६४ मध्ये या.

तुम्हाला दाराजवळची खुर्ची मिळालीय. हायडेगर समोर बसलेल्या एका डॉक्टरकडे निर्देश करून विचारतात, यांचा आणि त्यांच्या पुढ्यातल्या टेबलाचा संबंध काय? कुणीतरी म्हणतं, ते टेबलामागे बसलेत, टेबलाकडे पाहतायत. बरं. मग यातून त्यांच्या असण्याबद्दल काय दिसतं?

कुणी बोलत नाही. हायडेगरही नाही. एक मिनिट, दोन, पाच. वॉर्डात पाच मिनिटांत तुम्ही तीन रुग्ण पाहता, औषध लिहिता, नर्सला सूचना देता. इथं पाच मिनिटं नुसतं एका टेबलाकडे बघत बसण्याचा प्रसंग आलाय. शेवटी एक जण धीर करून म्हणतो, दोघांमध्ये अंतर आहे, जागा आहे. जागा म्हणजे काय? अंतर. अंतर म्हणजे काय? पुन्हा शांतता, आता आणखी लांब. मग कुणी वैतागून सांगून टाकतं की असले प्रश्न आम्ही आयुष्यात ऐकलेले नाहीत आणि तुम्हाला काय हवंय तेच कळत नाही. बॉसनी पुढं लिहून ठेवलंय की मंगळावरचा माणूस पृथ्वीवासीयांना पहिल्यांदा भेटतोय असं वाटायचं. मला त्यात थोडी यजमानाची नम्रता दिसते. या खोलीत पृथ्वीवरचे लोक जास्त शहाण्यासारखे वागत होते, असंही म्हणता येईल.

तरी उठून जाऊ नका. खरा माल पुढं आहे.

पुढच्या वर्षीच्या बैठकांत बोलणं शरीरापर्यंत येतं. खिडकीच्या चौकटीकडे बोट दाखवताना तुम्ही बोटाच्या टोकाशी संपता का? डोळ्यांतून गळालेलं पाणी मोजता येईल, पण दुःख मोजता येईल का? इथं खोलीतले लोक सावरून बसतात, कारण हे त्यांच्या रोजच्या धंद्यातलं आहे. मग कार्यकारणाचा मुद्दा निघतो. रस्त्यावर गोंगाट आहे म्हणून कुणी उठून खिडकी लावतो. बिलियर्डच्या चेंडूला धक्का बसला की तो सरकतो, तसा हा माणूस सरकला का? नाही. गोंगाट त्याला गोंगाट म्हणून कळला, नकोसा झाला, आणि उठणं-न उठणं त्याच्या हाती होतं. फ्रॉइडनं मनातल्या प्रत्येक गोष्टीमागे अखंड कारणांची साखळी गृहीत धरली आणि तिथंच माणूस निसटला, असा हायडेगरांचा आक्षेप.

तुम्हाला तुमच्या वॉर्डातला एक जण आठवतो. भिंतीतून कुणी शिव्या देतं म्हणून तो कानात कापसाचे बोळे कोंबून बसतो. आवाज येणं हा आजार, ते तुम्ही औषधाच्या मात्रेनं मोजता. पण कापूस? कापूस त्यानं मागून घेतला, नर्सशी त्यावरून वाद घातला, झोपताना काढून उशीखाली ठेवला. त्याच्या कागदावर तुम्ही या सगळ्याला एकच लक्षण म्हणून नोंदवलंय. आजारात माणसाचं स्वातंत्र्य आक्रसतं, असं हायडेगर म्हणतात. आक्रसतं म्हणजे उरतंही. किती आणि कुठं उरतं, हे पाहायचं तर टेबलाकडे पाहिलं तसंच थांबून त्या कापसाकडे पाहावं लागेल. माझ्या मते या सगळ्या संध्याकाळींमधून डॉक्टरांनी नेण्यासारखी एवढीच गोष्ट होती, आणि ती फार मोठी होती.

मात्र खोलीत जे बोललं जात नाही तेही तुम्हाला ठाऊक आहे. स्वातंत्र्याबद्दल बोलणारा हा माणूस १ मे १९३३ रोजी नाझी पक्षात गेला आणि फ्रायबुर्ग विद्यापीठाचा कुलगुरू म्हणून मिरवला. युद्धानंतर चौकशी झाली, अध्यापनावर बंदी आली, आणि १९४६ मध्ये तो मनानं कोलमडला. त्याच्यावर बाडेनवायलरमध्ये व्हिक्टर फॉन गेबझाटेल या मनोविकारतज्ज्ञानं उपचार केले. म्हणजे या गर्दीत रुग्णाच्या खुर्चीवर बसून आलेला एक माणूस स्वतः वक्ताच आहे. आपली गोष्ट त्यानं इथं कधी उदाहरणाला घेतली नाही. घेतली असती तर जबाबदारीवरची चर्चा टेबलापेक्षा बरीच अवघड झाली असती.

आणि खोलीत प्रत्यक्ष रुग्ण कोणी नाही. रुग्ण येतात ते डॉक्टरांच्या तोंडून.

उद्या सुट्टी आहे ना? मग बोडन सरोवराच्या काठी, म्युन्स्टरलिंगनच्या मनोरुग्णालयात जाऊन या. तिथले डॉक्टर रोलांड कून हे मनोविकारतज्ज्ञ लुडविग बिन्सवांगर यांच्या वळणाचे. म्हणजे हायडेगर वाचूनच रुग्णाकडे पाहू लागलेले. हायडेगरना स्वतःला बिन्सवांगरची मांडणी पटत नाही, पण तो घरातला वाद. कून रुग्णाचं बोलणं तासन्‌तास ऐकतात अशी त्यांची ख्याती आहे. गायगी कंपनीनं त्यांच्याकडे एक रसायन पाठवलं होतं. ते आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, जमलं नाही. मग जानेवारी १९५६ मध्ये नैराश्यानं ग्रासलेल्या एका बाईला दिलं आणि ती काही दिवसांत सुधारली. सप्टेंबर १९५७ मध्ये याच झुरिकमध्ये भरलेल्या जागतिक मनोविकार परिषदेत कून यांनी ते सांगितलं, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर लोक होते. इमिप्रामिन नावानं ते औषध पुढं जगभर गेलं. ‘कसं ऐकावं’ या तत्त्वज्ञानातून आलेल्या माणसाला गोळीचा गुण दिसला, हा योगायोग नव्हे. बाई काय बोलतेय हे कून यांना नेमकं ठाऊक होतं, म्हणून तिच्यातला बदलही नेमका कळला.

पण कून यांच्या मृत्यूनंतर त्यांची कागदपत्रं थुरगाऊ प्रांताच्या अभिलेखागारात गेली, इतिहासकारांनी ती चाळली आणि २०१९ मध्ये अहवाल आला. बाजारात न आलेली डझनावारी रसायनं त्या इस्पितळात अनेक दशकं हजाराहून अधिक रुग्णांवर वापरली गेली होती. बहुतेकांची संमती घेतलेली नव्हती, काहींना तर आपल्यावर प्रयोग चाललाय याचा पत्ताही नव्हता.

त्या काळी हे सगळीकडेच चालायचं, असा खुलासा तुम्हाला अनेकांकडून ऐकायला मिळेल, आणि तो खोटा नाही. फक्त झोलिकॉनच्या खोलीत बसून आलेल्याला तो पुरत नाही. जानेवारी १९५६ मधली ती बाई हातावरच्या गोळीकडे बघत असेल तेव्हा गोळीचं नाव अजून इमिप्रामिन नव्हतं, जी २२३५५ एवढा क्रमांक होता. ‘हे काय आहे?’ असं तिला विचारता आलं असतं. देणाऱ्यालाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.