मक्केची वाट, दुधनीवरनं

आमच्या दुधनीत धान्याची आडत मोठी. तूर, उडीद घेऊन आजूबाजूच्या गावांतनं, पलीकडच्या कर्नाटकातनंही गाड्या येतात. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि मोहल्ल्यात दखनी, अशी आमची तीन बोल्यांची वस्ती. गावातनं हजला जाणारी माणसं मी लहानपणापास्नं बघतोय. ती जायची कशी, त्यांना किती दिवस लागायचे, आणि त्यांच्या मागं शेतीचं काय व्हायचं, हे लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. मी मुसलमान नाही. पण बांधाला बांध लागून असला की शेजाऱ्याची यात्रा थोडी आपलीही होते.

आधी जुनं सांगतो. गुलबर्गा आमच्यापासनं जवळ, रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर. चौदाव्या शतकात तिथं बहामनी सुलतानांची गादी होती. दुसऱ्या सुलतानाची आई हजला गेली ती दाभोळ बंदरातनं, असं फरिश्त्यानं आपल्या इतिहासात लिहिलंय. म्हणजे गुलबर्ग्याहून सगळं पठार तुडवायचं, सह्याद्री उतरायचा, कोकणात जाऊन वाऱ्याची वाट बघायची आणि मग शिडाचं जहाज. पुढं पोर्तुगीज आले. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय समुद्रात जहाज काढता येईना, आणि त्या परवान्यावर येशू-मरियमची चित्रं असायची. हजला निघालेल्या माणसानं तो कागद जवळ बाळगावा का, यावर त्या काळी मौलवींमध्ये मोठा वाद झाला. मोगलांचं बंदर सुरत. त्याला लोक मक्केचा दरवाजा म्हणायचे. पण १६९५ साली मक्केकडनं परतणारं बादशहाचं ‘गंज-ए-सवाई’ हे एवढं मोठं जहाजसुद्धा इंग्रज चाच्यांनी लुटलं. मग साध्या कुणब्यानं कुठल्या जोरावर निघायचं? त्या काळात हजला जाणारा एक तर दरबारचा, नाही तर मोठा व्यापारी, नाही तर घरदार सोडून निघालेला फकीर.

शेतकऱ्याला ही वाट उघडली ती वाफेमुळं. मुंबईची गाडी सोलापूरला १८६०त आली. १८६९ला तिकडं सुएझचा कालवा सुरू झाला आणि तांबड्या समुद्रात आगबोटींची वर्दळ वाढली. १८७१ला रूळ रायचूरपर्यंत गेले, ते आमच्या शिवारातनं. दहा-बारा वर्षांत एवढं घडलं. आता दुधनीचा माणूस गाडीत बसला की बोरीबंदरला उतरायचा, आणि बंदरात जेद्दाची बोट असायची. १८७७ साली मुंबईत जी बोट कंपनी निघाली, तिचंच पुढं मोगल लाइन झालं. आमच्याकडचे म्हातारे सगळ्याच बोटींना ‘मोगल’ म्हणायचे.

सोपी वाट झाली तसे रोगही सोपे झाले. १८९६ला मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या साली मुंबईहून हजची वाहतूक बंद केली. एरवीही बोट तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर थांबवायची, माणसं उतरवून कपडे धुरी देऊन साफ करायचे, काही दिवस अडकवून ठेवायचे. त्या क्वारंटाइनच्या गोष्टी लोक हजच्या गोष्टींपेक्षा जास्त रंगवून सांगायचे, असं आमचे अप्पा म्हणत.

यात आमच्या जिल्ह्याचं एक नाव येतं, ते फारसं कुणी काढत नाही. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२चा. त्यांची सिंदिया कंपनी. मोगल लाइन तेव्हा गोऱ्यांच्या हातात होती. तिच्याशी टक्कर द्यायला सिंदियानं १९३७ला हजसाठी दोन बोटी आणल्या, ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’. दोन कंपन्यांची झुंज लागली आणि भाडी खाली आली. सोलापूरच्या जैन घरातला माणूस मक्केच्या बोटी चालवतो यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. धंदा होता, आणि जाणाऱ्याचे चार पैसे वाचत होते. पुढं लढाईत दोन्ही बोटी १९४४ला महिन्याभराच्या अंतरानं गेल्या. ‘एल मदिना’ला बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीनं बुडवलं आणि ‘एल हिंद’ मुंबई गोदीच्या स्फोटात जळाली.

आता माझ्या डोळ्यादेखतचं. आमच्या बांधाला लागून एका चाचांची सहा एकर काळी होती. १९७८ साली त्यांचा नंबर लागला. त्या साली हज नोव्हेंबरात होती. हजचं साल चंद्रावर चालतं, म्हणून ती दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकते. शेतकऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. कधी ती मृगाच्या पेरणीत येते, कधी सुगीत, कधी ऐन उन्हाळ्यात. चाचांची आली ती शाळूच्या पेरणीवर. बोटीनं जाणं म्हणजे घर सोडल्यापास्नं परत येईपर्यंत अडीच-तीन महिने. मुंबईला आधी जाऊन साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पथारी टाकायची, टोचून घ्यायचं, कागद करायचे, मग समुद्रात आठ-दहा दिवस किंवा जास्तच.

निघण्याआधी देणं फेडायचं असतं. चाचांनी आडत्याचं खातं बंद केलं, सोसायटीचं भरलं. मग घरोघर फिरले. आमच्या घरी आले तेव्हा मी ओसरीवर होतो. आमचा आणि त्यांचा बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरनं सात-आठ वर्षांचा अबोला होता. चाचा उंबऱ्याशी थांबले नि म्हणाले, “अप्पा, कहा-सुना माफ करना. झाड तुमचं.” अप्पा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “होगि बर्री. झाड कुठं जातंय? पेरणी मी बघतो.” ‘होगि बर्री’ म्हणजे जाऊन या. आमच्याकडं ‘जा’ म्हणत नाहीत.

त्या साली चाचांच्या सहा एकरांत आमची तिफण चालली. चाचा परत आले तेव्हा शाळू निसवला होता. बोटीच्या खालच्या डेकवर उलट्या करून ते निम्मे झाले होते. सोबत झाळ मारलेला जमजमचा डबा, खजूर, आणि आमच्या आईसाठी एक चादर.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला अजून चकित करते. मक्केत निजामाची ‘रुबात’ आहे, म्हणजे धर्मशाळा. हैद्राबाद संस्थानातल्या यात्रेकरूंना तिथं फुकट उतरायला मिळतं, आजही. संस्थान १९४८ला गेलं, जिल्हे तीन राज्यांत वाटले गेले, पण हक्क टिकला. म्हणून गुलबर्ग्याचा माणूस, उस्मानाबादचा माणूस तिथं चिठ्ठीत नंबर लागला तर राहू शकतो. आणि आम्ही अक्कलकोट संस्थानचे. ती हद्द आता इथं कुठं दिसत नाही, एकच तूर दोन्हीकडं पिकते. पण मक्केच्या गल्लीत ती अजून जिवंत आहे. चाचा म्हणायचे, दोन कोस पलीकडं जन्मलो असतो तर भाडं वाचलं असतं.

मोगल लाइन १९८६ला सरकारी शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये मिसळली. ‘अकबरी’ ही शेवटची बोट, आणि १९९५ साली समुद्राची वाट बंदच झाली. त्यानंतर फक्त विमान. विमानानं तीन महिन्यांचे चाळीस दिवस केले, पण पैशाचं ओझं वाढवलं. बोटीचा माणूस वेळ देत होता आणि वेळ शेतकऱ्याकडं शेजाऱ्यांच्या जोरावर का होईना, निघायचा. रोख पैसा निघत नाही. सबसिडीवरनं लोक पारावर बरंच बोलायचे. ती हाजीच्या हातात पडत नव्हती, विमानाच्या तिकिटात जायची. सुप्रीम कोर्टानं २०१२ला ती टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं आणि २०१८ला ती बंद झाली. त्याच साली पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना चौघींचा गट करून, घरचा पुरुष सोबत नसतानाही जायची मुभा मिळाली. माझ्या मते ही त्या सालातली मोठी गोष्ट. गावातल्या विधवा बायकांचा रस्ता नवरा, भाऊ, मुलगा यांच्यापाशीच अडकलेला असायचा.

चाचांचा मुलगा माझ्या वर्गातला. बापाला बोटीनं पाठवलं तेव्हा त्यानं मनात धरलं होतं, आपणही जायचं. त्याला ते जमायला पंचेचाळीस वर्षं लागली. कमिटीच्या यात्रेलाही आता तीन लाखांच्या वर लागतात. खासगी टूरवाले आणखी घेतात, आणि आमच्या भागातल्या काहींना त्यातल्या एकानं पैसे घेऊन मुंबईतनंच परत पाठवलं होतं. म्हणून तो कमिटीच्या सोडतीसाठीच थांबला. दोन वर्षांची तूर आणि एक म्हशीची जोडी गेली. जमीन मात्र विकली नाही, त्याची बायको आडवी पडली.

२०२३ची हज जूनच्या शेवटी होती. तो सोलापूरला जाऊन मुंबईच्या गाडीत बसला. विमान साडेपाच-सहा तासांचं. तिकडं जेद्दा ते मक्का साधारण दुधनी ते सोलापूर एवढं अंतर. उंटावर त्याला दोन रात्री जायच्या, चाचांच्या वेळी बस होती, आणि २०१८पास्नं मदिनेपर्यंत तासाला ३०० किलोमीटर पळणारी गाडी झालीय. आपला हा मात्र कमिटीच्या बसनंच गेला. अराफातला जायलाही आता मेट्रो आहे म्हणे. फोनवर तो रोज दिसायचा. पहिल्या दिवशी काबा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, “पाऊस झाला का रे?”

झाला नव्हता. जूनभर आभाळ नुसतं भरून यायचं. तो परत आला, पाच लिटर जमजमचा सीलबंद कॅन घेऊन, आणि आठवडाभरात आम्ही दोघांनी मिळून उशिराची तूर टाकली.

बोट परत सुरू करायची चर्चा २०१८पास्नं आहे. सौदीनं होकार दिला होता. मुंबई-जेद्दा २,३०० सागरी मैल नव्या जहाजानं तीन-चार दिवसांत होतील म्हणतात. अजून एकही निघालेलं नाही. चाचांचा नातू आडतीवर हिशेब लिहितो. बोट सुरू झाली तर भाडं किती पडेल, हे त्यानं मला दोनदा विचारलंय.