परवलीचा शब्द फुटतो तेव्हा

मंडळी, आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनवर मधूनच एक सूचना येते : तुमचा अमुक पासवर्ड फुटलेल्या माहितीत सापडला आहे, तो बदला. बरेच जण ती बोटानं बाजूला सारतात. काही जण घाबरतात, 'आपलं काय चुकलं?' म्हणून. दोघांनाही इतिहासाचा उपयोग आहे, म्हणून जरा मागे जाऊ.

पासवर्डला आपण मराठीत परवलीचा शब्द म्हणतो. हा मुळात पहाऱ्यावरचा शब्द. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं रोमन छावणीची पद्धत नोंदवून ठेवली आहे. रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून एका तुकडीकडून दुसरीकडे जायचा आणि अंधार पडायच्या आत पाट्या अधिकाऱ्याकडे परत यायच्या. एखादी आली नाही, तर पाटीवरच्या खुणांवरून ती कुठल्या बाजूला अडकली ते कळे आणि लगेच चौकशी होई. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की शब्दाचं आयुष्य एका रात्रीचं होतं. उद्याचा शब्द वेगळा.

आता संगणकाकडे येऊ. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली. एकच यंत्र, वापरणारे अनेक. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. आणि हे सगळे पासवर्ड एका फायलीत, उघडे, जसेच्या तसे लिहून ठेवले!

व्हायचं तेच झालं. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावर मिळणारा वेळ पुरेना. फाइल छापून मागण्याची सोय होती. त्यानं पासवर्डचीच फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नावानं काम केलं. ही गोष्ट त्यानं कित्येक वर्षांनी स्वतःच सांगितली. १९६६ मध्ये तर चोर कुणी नव्हताच. एक जण रोजची सूचना लिहीत होता, त्याच वेळी दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. प्रणालीनं दोन्हींची अदलाबदल केली. त्यानंतर जो आत येईल त्याच्यासमोर, सूचनेच्या जागी, सगळ्यांचे पासवर्ड!

या दोन्ही प्रसंगांत पासवर्ड ज्याचा होता त्यानं काही चूक केली नव्हती. शब्द फुटला तो कोठारात. घाबरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग उपाय निघाला : शब्द ठेवायचाच नाही, त्याचं पीठ ठेवायचं. ज्वारी दळली की पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. तसं गणितानं पासवर्डचं 'हॅश' करायचं. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधल्या अनुभवावर लेख लिहिला. प्रत्येकाच्या दळणात वेगळं चिमूटभर 'मीठ' टाकायचं, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळं दिसेल, ही युक्ती त्यात आहे. पण त्याच लेखात एक आकडाही आहे. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी ८६ टक्के फार तोकडे तरी होते, किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सापडणारे तरी होते. म्हणजे कोठार पक्कं केलं तरी दाणाच किडका!

पुढे काय झालं? २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटींहून जास्त पासवर्ड फुटले. ते उघडेच साठवलेले होते आणि त्यांत सर्वांत लोकप्रिय होता १२३४५६. अशा याद्या चोरांच्या हाती लागतात. चोर मग तीच जोडी, नाव आणि पासवर्ड, दुसऱ्या शंभर दारांवर यंत्रानं लावून पाहतात. इथे मात्र आपला वाटा येतो. एकच किल्ली दहा कुलपांना लावली असेल, तर एक फुटलं की दहाही गेली.

त्याच याद्या आता पहाऱ्यालाही कामी येतात. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी फुटलेली खाती तपासायची सोय सुरू केली. २०१८ पासून तिथे पासवर्ड न सांगता तो ताडता येतो : हॅशची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवायची, त्यांनी सुरू होणारी यादी मागवायची आणि जुळणी आपल्याच यंत्रात करायची. फोनमधल्या सूचनांमागेही तत्त्व हेच : उघडा पासवर्ड न पाठवता ताडून पाहणं.

तर सूचना आली की करायचं काय? मेसेजमधल्या लिंकवर जायचं नाही. खोट्या सूचनाही फिरत असतात. स्वतः सेटिंगमध्ये जाऊन पासवर्डचं पान उघडायचं. तिथे खरंच नोंद असेल तर आधी ईमेल आणि बँक पाहायची, कारण इतर खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. तो शब्द जिथे जिथे वापरला असेल तिथे तिथे बदलायचा, प्रत्येक ठिकाणी वेगळा. शेवटी एक अक्षर वाढवणं म्हणजे बदल नव्हे. सगळ्या उपकरणांवरून खातं बाहेर काढायचं आणि दुसऱ्या टप्प्याची तपासणी सुरू करायची. एवढे शब्द लक्षात कसे राहणार? राहणार नाहीत, ते काम पासवर्ड मॅनेजरला द्यायचं.

रोमन छावणीला ठाऊक होतं, की शब्द कधीतरी फुटणारच. म्हणून त्यांनी तो रात्रीपुरताच ठेवला. आपण तोच शब्द वर्षानुवर्षं चालवतो. फोनवरची ती सूचना म्हणजे परत न आलेली पाटी आहे. ती आली नाही हे कळल्यावर पहारेकरी झोपत नसे.