एक ‘वर्क’, तीन शब्द

पाण्याने भरलेली बादली हातात धरून दहा मिनिटं एकाच जागी उभं राहिलं, तर हात भरून येतात. तरीही बादली हलली नाही म्हणून आपण वर्गात सांगतो, ‘कार्य शून्य!’ मुलांना हे पटत नाही. हेच वाक्य इंडोनेशियन भाषेत म्हटलं तर आणखीच टोचतं. का, ते पाहू.

इंग्रजीत नोकरी म्हणजे वर्क, कलाकृती म्हणजे वर्क आणि बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन, तेही वर्कच. हा तिसरा अर्थ तसा नवा. १८२९ मध्ये फ्रेंच अभ्यासक कोरिऑलिस यांनी यंत्रांच्या हिशोबासाठी ‘श्रम’ या अर्थाचा रोजचाच फ्रेंच शब्द घेतला आणि त्याला नेमका अर्थ दिला. पुढे इंग्रजीने त्यासाठी वर्क वापरला.

इंडोनेशियात उच्च शिक्षण डच भाषेत चाले. १९२८ मध्ये तरुणांनी शपथ घेऊन इंडोनेशियन ही ऐक्याची भाषा मानली. १९४२ मध्ये जपानी सैन्य आलं, डच भाषेवर बंदी आली आणि विज्ञानासाठीही स्वतःचे शब्द तातडीने लागू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यासाठी भाषासमिती नेमली गेली.

आज तिथे वर्कच्या तीन अर्थांना तीन शब्द आहेत. कामधंदा म्हणजे ‘केर्जा’, कलाकृती म्हणजे ‘कार्या’ आणि भौतिकशास्त्रातलं वर्क म्हणजे ‘उसाहा’. गंमत अशी, की पहिले दोन्ही शब्द संस्कृत ‘कार्य’पासून आले आणि तिसरा ‘उत्साह’पासून! सुमात्रातल्या इ.स. ६८३ च्या मलय शिलालेखातही संस्कृत शब्द आहेत. इतकी ही देवाणघेवाण जुनी.

पण रोजच्या बोलण्यात ‘उसाहा’ म्हणजे प्रयत्न, खटपट. त्यामुळे बादली धरून दमलेल्या मुलाला ऐकू येतं, ‘तुझे प्रयत्न शून्य’. शेजारच्या मलेशियाने याच अर्थासाठी ‘केर्जा’ निवडला. तिथे दमलेल्या मुलाला ‘काम शून्य’ ऐकू येणार. एका शब्दाचे तीन केले, तरी घोटाळा मिटला नाही, फक्त जागा बदलून बसला.

आपलंही तसंच. ‘घरी कार्य आहे’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे मांडव येतो. म्हणून व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी त्या शब्दाचे घरातले अर्थ मुलांकडूनच काढून घेऊ. बादली धरणाऱ्याचे श्रम खरेच आहेत, हेही मोकळेपणाने मान्य करू. शून्य आहे ते बादलीवर झालेलं कार्य. त्या मुलाची मेहनत नव्हे.