नाक्यावरचा हौद आणि घोडा

शीळफाट्यावर मुंब्रा, पनवेल आणि कल्याणचे रस्ते मिळतात. घोडागाड्यांच्या काळात अशा वर्दळीच्या वाटांवर खरी धास्ती सामाईक पाण्याची. ग्लँडर्स झालेल्या घोड्याच्या नाकातला स्राव हौदात मिसळला, की पुढच्या घोड्याला रोग जडे, कधी मोतद्दारालाही. त्यावर इलाज नव्हता. १८८२ मध्ये जंतू सापडला, १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि १८९९ च्या कायद्याने रोगी घोडा मारण्याचा अधिकार सरकारला मिळाला. टांगेवाल्याची चूल मात्र त्याच घोड्यावर पेटे. लक्षणे लपवण्याचा मोह होणारच. म्हणून रोजची शिस्तच मोलाची: बादली आपली, तोबरा आपला, खरारा करताना नाकपुड्यांवर नजर. वरातीच्या घोड्यालाही आज हीच शिस्त लागू आहे.