सेंट किल्डा

सेंट किल्डा : स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरातील इतिहासप्रसिद्ध द्वीपसमूह. क्षेत्रफळ सु. ८·५ चौ. किमी. बाह्य हेब्रिडीझपैकी नॉर्थ उइस्ट बेटाच्या पश्चिमेस सु. ६४ किमी. वरील या समूहात हिर्ता, सोए, बोररे व डून ही प्रमुख बेटे आणि समुद्रातून वर आलेले प्रचंड सुळके आहेत. येथे दोन हजारांहून अधिक वर्षे मानवी वस्ती होती. १९३० नंतर मात्र कायमची वस्ती उरली नाही.

मार्टिन मार्टिन या प्रवाशाने १६९७ मध्ये हिर्ताला भेट दिली, तेव्हा तेथे सु. १८० लोक राहत होते. वादळी समुद्रामुळे मासेमारीपेक्षा कड्यांवरील समुद्रपक्षी, त्यांची अंडी आणि मेंढ्या यांवरच त्यांची उपजीविका चाले. पक्षी व धान्य साठविण्यासाठी त्यांनी दगडी कोठ्या (क्लीट) बांधल्या. हिर्तावर अशा बाराशेंहून अधिक कोठ्या आहेत. स्काय बेटावरील डन्व्हेगनच्या मॅक्लाउड जमीनदारांना पिसे, तेल इ. वस्तूंच्या रूपाने खंड दिला जाई. दिवसाची कामे पुरुषांच्या सभेत ठरत.

देवीची साथ, नवजात अर्भकांचा धनुर्वात आणि १८५२ मध्ये ३६ जणांचे ऑस्ट्रेलियाकडे झालेले स्थलांतर यांमुळे लोकसंख्या घटत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटकांच्या आगबोटी येऊ लागल्या. त्यांच्याबरोबर रोख पैसा व बाहेरच्या वस्तू आल्या. पहिल्या महायुद्धात येथे नौदलाचे ठाणे असल्याने बाह्य जगाशी नियमित संपर्क आला. युद्धानंतर तो तुटला आणि तरुण बेट सोडून जाऊ लागले. १९२० मध्ये ७३ असलेली लोकसंख्या १९२८ पर्यंत ३७ वर आली. कड्यांवर चढणारे व नावा वल्हविणारे हात अपुरे पडू लागल्यावर बेटवासीयांनीच स्थलांतराची मागणी केली. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांना ‘हेअरबेल’ या जहाजातून मुख्य भूमीवर नेण्यात आले. वृक्षहीन बेटावरील या लोकांपैकी काहींना तेथे वनखात्यात काम मिळाले.

१९५७ मध्ये ही बेटे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाकडे आली. युनेस्कोने त्यांना १९८६ मध्ये नैसर्गिक व २००५ मध्ये सांस्कृतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. उन्हाळ्यात स्काय व हॅरिस बेटांवरून पर्यटक नौकांनी येथे येतात. मात्र उतरणे समुद्राच्या स्थितीवर अवलंबून असते. खेड्यातील ओळीने उभी घरे, चर्च व शाळा पाहावयास मिळतात. १९३० मध्ये स्थलांतर केलेल्यांपैकी अखेरची व्यक्ती २०१६ मध्ये निधन पावली.