केबलचा आकार आणि टर्मिनलची तापमर्यादा

केबलचा आकार आणि टर्मिनलची तापमर्यादा : एमसीबी, एमसीसीबी, कॉन्टॅक्टर, मोटर इत्यादींना जोडायच्या केबलचा आकार ठरवताना तिच्या आवरणाबरोबरच जोडबिंदू किती उष्णता सोसू शकतो हेही तपासावे लागते. केबल, लग, टर्मिनल आणि उपकरण यांपैकी ज्याची तापमर्यादा सर्वांत कमी, त्यावर त्या जोडणीतून न्यायचा प्रवाह ठरतो.

कारण : वाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पीव्हीसी आवरणाची केबल ७०° से. पर्यंत, तर एक्सएलपीई आवरणाची केबल ९०° से. पर्यंत अखंड चालू शकते. त्यामुळे एकाच आकाराची एक्सएलपीई केबल जास्त प्रवाह नेते, पण तो नेताना तिचे तांबेही जास्त तापते. ही उष्णता धातूतून थेट टर्मिनलपर्यंत पोहोचते. उपकरणातील उष्णता मात्र बऱ्याच अंशी केबलमार्गेच बाहेर पडायची असते. केबलच तापलेली असेल, तर हा मार्ग बंद होतो. मग टर्मिनलजवळचे प्लॅस्टिक ठिसूळ होते, जोडावर ऑक्साइडचा थर चढून रोध वाढतो आणि औष्णिक ट्रिप असलेला एमसीबी योग्य भारावरही पडू लागतो.

मानके : आयईसी ६०९४७-१ नुसार अनावृत तांब्याच्या टर्मिनलचे तापमान सभोवतालच्या तापमानापेक्षा ६० अंशांहून जास्त वाढू नये; चांदीचा मुलामा असल्यास ही मर्यादा ७० अंश आहे. ही चाचणी ठरावीक आकाराच्या पीव्हीसी केबली जोडून घेतात. १०० अँपिअरसाठी ही केबल ३५ चौ. मिमी. तांब्याची असते. त्याहून बारीक केबल लावल्यास चाचणीचा निकाल त्या जोडणीला लागू होत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये हा नियम कलम ११०.१४(सी) मध्ये आहे. उपकरणावर वेगळी नोंद नसल्यास १०० अँपिअरपर्यंतच्या मंडलांना केबल-क्षमतेच्या तक्त्यातील ६०° से. चा आणि त्यापुढील मंडलांना ७५° से. चा रकाना लागू होतो. लगवर ९०° से. छापलेले असले, तरी ती मर्यादा फक्त लगची असते. ब्रेकरची मर्यादा त्यामुळे वाढत नाही.

उदाहरण : आयईसी ६०३६४-५-५२ च्या तक्त्यात, भिंतीवर बसवलेल्या आणि तीन भारित वाहक असलेल्या २५ चौ. मिमी. तांब्याच्या एक्सएलपीई केबलची क्षमता ३०° से. हवेत ११९ अँपिअर आहे. १०० अँपिअरला ती पुरेल असे वाटते. पण त्या प्रवाहाला तिचे तांबे सुमारे ७२° से. पर्यंत तापते. ७०° च्या रकान्यात याच आकाराची क्षमता ९६ अँपिअर आहे. म्हणून टर्मिनलची मर्यादा ७०° असेल, तर ३५ चौ. मिमी. केबल घ्यावी.

९०° च्या क्षमतेचा उपयोग : ही जादा क्षमता वाया जात नाही. उष्ण हवा किंवा एकत्र बांधलेल्या केबली यांमुळे करावी लागणारी घट ९०° च्या आकड्यातून करता येते. अमेरिकी तक्त्यात ३/० आकाराच्या तांब्याच्या वाहकाची क्षमता ९०° ला २२५ आणि ७५° ला २०० अँपिअर आहे. ४०° से. हवेसाठी ०.९१ ने गुणल्यास सुमारे २०५ अँपिअर मिळतात. टर्मिनलच्या मर्यादेमुळे त्यांतील २०० वापरता येतात. ७५° पासून सुरुवात केली असती, तर ०.८८ ने गुणून १७६ च उरले असते.

भारतातील स्थिती : कारखान्यांत आयएस ७०९८ प्रमाणित एक्सएलपीई केबली सर्रास वापरतात. त्यांच्या क्षमतांचे भारतीय तक्ते सामान्यतः ४०° से. हवा धरून दिलेले असतात. मात्र विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनेलच्या आतली हवा त्याहून बरीच तापते, आणि टर्मिनल राहते ते त्याच हवेत. म्हणून पॅनेलच्या आतले तापमान मोजूनच आकार ठरवावा. ॲल्युमिनियमच्या केबलसाठी त्या धातूचाच रकाना आणि त्याला योग्य लग घ्यावा.

मर्यादा : योग्य आकार सैल स्क्रू किंवा अपुरे क्रिंपिंग सुधारू शकत नाही, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच जोड आवळावा. व्होल्टेज-घट आणि लघुमंडल प्रवाह यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. तापमर्यादेसह या तिन्ही तपासण्यांतून निघणाऱ्या आकारांपैकी सर्वांत मोठा आकार निवडावा. केबलवर वाचवलेले पैसे जळालेल्या पॅनेलपुढे क्षुल्लक ठरतात, आणि त्या पॅनेलसमोर माणसे काम करीत असतात.