वर्गणी, सवलत आणि घरात येणारा पेपर

वर्षातून एकदा तरी दारात कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन उभं राहतं. "ताई, वर्षाचे पैसे आत्ताच भरा, निम्म्या दरात पेपर, वर एक बादली." आपण बादलीकडे बघतो, हिशेब करतो आणि पावती फाडतो. आज या सवलतीमागची गोष्ट आम्ही सांगणार आहोत. बादली देणाऱ्याला ती परवडते कशी, तेही त्यात येईल.

आधी शब्द बघू. पेपरच्या पैशाला जुनी माणसं किंमत म्हणत नसत, वर्गणी म्हणत. गणपतीची वर्गणी, सप्ताहाची वर्गणी, तशीच वर्तमानपत्राची. काम सगळ्यांचं, म्हणून थोडं थोडं सगळ्यांनी घालायचं. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, तेव्हापासून मराठी पत्रांचा जीव या वर्गणीतच अडकलेला. 'दर्पण' 1840 साली बंद झालं.

ज्यांचे वाचक गरीब, त्या पत्रांची पंचाईत फार मोठी. 1877 साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' काढलं, शेतकऱ्यांसाठी आणि कष्टकऱ्यांसाठी. ज्याच्यासाठी काढायचं त्याला बहुतेक वेळा वाचता येत नाही, आणि वाचता येतं त्याच्या खिशात पैसा नाही. तरी ते चाललं. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालवलं, आणि 1906 नंतर काही वर्षं तानूबाई बिर्जे यांनी संपादक म्हणून सांभाळलं. मराठी वर्तमानपत्राच्या पहिल्या स्त्री-संपादक म्हणून त्यांचं नाव घेतात. शाळेच्या पुस्तकात मात्र आम्हाला ते कधी भेटलं नाही.

1920 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हाही पैशाची तीच ओढाताण. राजर्षी शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत केली. पत्र निघतंय ही जाहिरात, पैसे देऊ केले तरी छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. ज्यांना पत्र हवं होतं, त्यांच्यापर्यंत ते निघाल्याची बातमीच पोचायची नाही, तर वर्गणीदार कुठून मिळणार?

लहान पत्रांना खरा आधार दिला तो पोस्टाने. 1898 च्या टपाल कायद्यात, नोंदणी झालेल्या वर्तमानपत्राला स्वस्त दर होता. त्यासाठीच्या अटी मजेदार होत्या. दोन अंकांमध्ये 31 दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. म्हणजे सवलत हवी तर आधी माणसं दाखवा! साध्या पाकिटाला पाच रुपये पडत असताना 50 ग्रॅमपर्यंतचा अंक 25 पैशांत जात होता. वरचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून.

आता एक खटला सांगतो, कारण स्वस्त पेपर चांगला की वाईट, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1932 साली नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' सुरू केला. 1960 च्या सुमारास त्याचा रोजचा अंक 7 नव्या पैशांना मिळत असे, आणि रविवार सोडून आठवड्याची पानं भरत 34. सरकारचं म्हणणं असं, की मोठी पत्रं जाहिरातींच्या जोरावर कमी पैशांत भरपूर पानं देतात आणि लहान पत्रांना उभंच राहू देत नाहीत. म्हणून 1956 चा कायदा आणि 1960 चा हुकूम आला. अमुक किमतीला अमुकच पानं. 7 पैशांत 'सकाळ'ला 34 ऐवजी 24 पानंच देता आली असती, नाहीतर किंमत वाढवायची.

'सकाळ' न्यायालयात गेला. त्याच्याबरोबर दोन साधे वाचकही अर्ज घेऊन गेले, आणि या खटल्यातली ही गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडते. आमच्या पेपरची पानं तरी कमी होणार किंवा तो महाग तरी होणार, दोन्हीकडून नुकसान आमचंच, असं त्यांचं गाऱ्हाणं. 1961 साली निकाल लागला. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या त्या निकालात हे बंधन घटनेविरुद्ध ठरलं. किंमत वाढायला लावली की खप घटतो, आणि खप घटवणं म्हणजे विचार पसरवण्याच्या स्वातंत्र्यावरच घाला.

निकाल बरोबरच होता. पानं मोजायची कात्री सरकारच्या हाती कशाला द्यायची? पण लहान पत्रांनी जगायचं कसं, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

1990 नंतर जाहिराती वाढल्या, रंगीत पानं आली आणि पेपरवाल्यांनी एकमेकांशी दराची चढाओढ लावली. वाचकाच्या पैशातून कागदाचाही खर्च निघेना, बाकीचं जाहिरातदार भरू लागला. मग कूपनं आली. रोज एक कापायचं, तक्त्यावर डिंकाने चिकटवायचं, तक्ता भरला की भांडं. हे काम घरोघरी बायकांनीच केलं. एक दिवस चुकला की शेजारणीकडे धावायचं! रद्दीचे पैसे वजा केले की पेपर जवळजवळ फुकट, हा हिशेबही आपलाच. याला कुणी हसू नये. आमच्या गटातल्या काही जणींच्या नावावर फाटलेली पहिली पावती हीच होती. पूर्वी पेपर नवऱ्याच्या नावाने यायचा आणि दुपारी भांडी झाल्यावर आपल्या हाती पडायचा.

फरक पडला तो असा, की वर्गणीदाराचं गिऱ्हाईक झालं. आणि तालुक्याचं साप्ताहिक बादली देऊ शकत नाही. टँकर कुठल्या वाडीला आला नाही, ग्रामसभा कुणी गुंडाळली, दारूचं दुकान बंद करायला बायकांचं आडव्या बाटलीचं मतदान कधी आहे, हे सगळं तिथे छापून येतं. मोठ्या दैनिकाच्या जिल्हा पानावर त्याला दोन ओळी मिळाल्या तर नशीब.

अशा साप्ताहिकांची सवलत निराळी. आजीव वर्गणी! एकदाच रक्कम भरा, जन्मभर अंक घ्या. त्या महिन्याचा कागद येतो, छापखान्याची उधारी भागते. पैसे त्याच वर्षी संपतात, अंक मात्र पुढे पंचवीस-तीस वर्षं पाठवत राहायचं. वर्गणीदार वारला तरी घरचे कळवत नाहीत. आमच्या भागात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे दर आठवड्याला पोस्टमन अंक टाकतो, पत्त्यावर नाव असतं सासऱ्यांचं, आणि वाचत असते सून.